गालावरील गाठी आणि बेटावरील माती

मृग नक्षत्राची पहिली सर कोसळली म्हणजे काकतीच्या माळावरून जो सुगंध दरवळतो, त्याचे वर्णन कवींनी पुष्कळ केले आहे. आमच्या कोकणीत सुवासाला 'परमळ' असा गोड शब्द आहे. हा परमळ पावसाच्या पाण्याचा नव्हे, आणि निव्वळ मातीचाही नव्हे. मातीत वस्ती करून राहणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांचा तो आहे, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. स्ट्रेप्टोमायसिस या वर्गातील हे जीव बुरशीप्रमाणे तंतू पसरून वाढतात, परंतु त्यांची जात मात्र जिवाणूंची. त्यांच्या ठायी तयार होणाऱ्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा तो वास होय. हेच जीव मातीतील आपल्या शेजाऱ्यांशी झुंजण्यासाठी नाना प्रकारची विषे निर्माण करतात असे मानले जाते, आणि मनुष्याने त्या विषांचीच औषधे केली आहेत. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन त्यांपैकीच एक. अशाच एका औषधाची हकीकत विद्यार्थ्यांपुढे ठेवावी असा या लेखाचा हेतू आहे. मात्र ते ज्या विकाराच्या कामी आले, त्या विकाराचा परिचय प्रथम करून घेणे इष्ट ठरेल.

इ. स. १८८० मध्ये पॅरिस येथील साल्पेत्रिएर रुग्णालयात बूर्नव्हिल नावाच्या वैद्याने एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या मेंदूची तिच्या मृत्यूनंतर तपासणी केली. त्या मुलीस बालपणापासून अपस्माराचे झटके येत असत. मेंदूच्या पृष्ठभागावर जागोजाग टणक व फिकट अशा गाठी आढळल्या. जमिनीतून उपटलेल्या कंदासारख्या त्या दिसल्या, म्हणून त्याने या रोगास दिलेल्या नावाचा अर्थ 'कंदासारखा टणकपणा' असा होतो. बेळगावच्या बाजारात रताळ्यांचे ढीग ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही उपमा पटण्यास अडचण पडू नये. ट्यूबरस स्क्लेरॉसिस हे त्याचे प्रचलित नाव. मराठीत 'कंदकाठिण्य' म्हणता येईल. परंतु हा शब्द दवाखान्यात उच्चारल्यास डॉक्टरांनाच कोशाकडे धाव घ्यावी लागेल, तेव्हा मूळ नावच बरे.

त्या मुलीच्या नाकावर व गालांवर बारीक तांबूस पुटकुळ्यांची दाटी होती. बूर्नव्हिलने तिची नोंद केली, पण मेंदूतील कंदांशी तिचे काही नाते असेल असे त्याच्या ध्यानी आले नाही. पुढे १८९० मध्ये लंडनच्या प्रिंगल या वैद्याने या पुटकुळ्यांचे वर्णन केले, व त्या त्वचेतील तैलग्रंथींच्या गाठी आहेत असा समज रूढ झाला. नावही तसेच पडले आणि कित्येक दशके टिकले. वस्तुतः तैलग्रंथींचा त्यांच्याशी संबंध नाही. बारीक रक्तवाहिन्या आणि तंतुमय ऊतक यांच्या अतिरिक्त वाढीने त्या बनलेल्या असतात. म्हणूनच त्या तांबूस दिसतात व किंचित घासले तरी त्यांतून रक्त येते. त्या कर्करोगाच्या गाठी नव्हेत. त्यांच्यामुळे प्राणास धोका नसतो. तथापि त्या चेहऱ्याच्या मध्यभागी, नाकाच्या दोन्ही बाजूंस उमटतात, आणि ज्या वयात मूल आरशापुढे अधिक वेळ उभे राहू लागते नेमक्या त्याच वयात वाढू लागतात.

पूर्वी एका खेड्यातील शाळेत शिकवीत असता माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती. अभ्यासात चांगली, परंतु मधल्या सुट्टीत तिच्याबरोबर डबा खाण्यास कोणी तयार नसे, आणि ती पाणी प्याली की माठावरचा पेला मुली दोनदोनदा विसळीत. तिच्या पाठीवर पांढुरके डागही होते. ते पाहून कुणी कोड म्हणे, तर कुणी महारोगाचे नाव हलक्या आवाजात घेई. घरच्यांनी तिला दोन देवस्थानांत नेऊन आणले होते. या मुलीच्या गालावर जे होते ते स्पर्शाने, पाण्याने, श्वासाने, एका ताटात जेवल्याने अथवा एका बाकावर बसल्याने कोणासही होणे शक्य नव्हते. त्याची कारणे आता पाहू.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत वाढीस चालना देणारी यंत्रणा असते, तशी वाढीस आवर घालणारीही असते. काकतीहून उत्तरेस जाणारे मालमोटारींचे चालक वंटमुरीचा घाट उतरताना काय करतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. उतारावर इंजिनाची शक्ती नको असते. ब्रेक शाबूत हवा असतो. पेशीतील ब्रेकचे काम हॅमार्टिन व ट्यूबेरिन ही दोन प्रथिने जोडीने करतात. त्यांतील एक बनविण्याची सूचना नवव्या गुणसूत्रावरील जनुकात आहे, तर दुसऱ्याची सोळाव्या गुणसूत्रावरील जनुकात. सोळाव्यावरील जनुक १९९३ मध्ये हाती लागले आणि नवव्यावरील १९९७ मध्ये. या दोहोंपैकी कोणतेही एक बिघडले तरी जोडी मोडते आणि ब्रेक ढिला होतो.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक मातेकडून आलेली व एक पित्याकडून आलेली. या विकारात एक प्रत जन्मतःच सदोष असते. परंतु दुसरी शाबूत असेतोवर पेशीचे काम बऱ्यापैकी चालते. आयुष्याच्या ओघात एखाद्या पेशीतील ती दुसरी प्रतही बिघडली, की त्या पेशीचा व तिच्या संततीचा ब्रेक पुरता जातो आणि तेथे गाठ धरते. गाठी सर्वांगावर सरसकट न येता इथे एक, तिथे दहा अशा का येतात, याचे उत्तर हे आहे. चेहऱ्यावरील गाठींच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट उघडकीस आली आहे. दुसरी प्रत बिघडविण्यात सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा हात असतो, अशा खुणा गाठींतील जनुकांत सापडल्या. शेतात जाताना डोक्यास टॉवेल गुंडाळण्याची आपल्याकडील चाल या मुलांच्या बाबतीत औषधाचाच भाग ठरते.

सुमारे सहा हजार जन्मांत एक असे या विकाराचे प्रमाण सांगतात. बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीप्रमाणे ४७ लाख ७९ हजारांवर होती. पाटीवरचा साधा हिशेब केला तरी आपल्या जिल्ह्यात असे शेकडो लोक असावेत, असे निघते. विशेष म्हणजे यांतील जवळजवळ दोनतृतीयांश रुग्णांच्या आईवडिलांत हा दोष नसतो; तो त्या मुलापासूनच नव्याने सुरू झालेला असतो. तेव्हा 'कुळात काहीतरी असणार' असे म्हणून सुनेच्या माहेराकडे बोट दाखविण्यास शास्त्राचा आधार नाही. मात्र विकार असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता निम्मी असते, आणि विवाहापूर्वी वा अपत्यापूर्वी जाणकार डॉक्टरांचा सल्ला घेणे शहाणपणाचे ठरते.

आता बेटाकडे वळू. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेस, चिली देशाच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजार किलोमीटरांहून दूर, ईस्टर नावाचे एकाकी बेट आहे. तेथील लोक त्यास रापा नुई म्हणतात. १९६४ च्या अखेरीस कॅनडातील शास्त्रज्ञांची एक तुकडी जहाजाने तेथे गेली. बेटवासी अनवाणी हिंडतात, तरी त्यांना धनुर्वात का होत नाही, असा प्रश्न त्यांच्यापैकी नोग्राडी या जिवाणुशास्त्रज्ञास पडला होता. त्यासाठी त्याने बेटाचे ६७ भाग पाडून मातीचे नमुने गोळा केले. ती माती पुढे माँट्रिअल येथील आयर्स्ट या औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत पोचली.

तेथे सुरेन सेहगल नावाचे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ काम करीत. त्यांचा जन्म १९३२ मध्ये खुशाब येथे, म्हणजे आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबात झाला. औषधशास्त्राचे शिक्षण त्यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात घेतले व डॉक्टरेट ब्रिस्टल येथे मिळविली. बेटावरच्या मातीतील एका स्ट्रेप्टोमायसिसपासून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये एक शुभ्र द्रव्य वेगळे केले. ते बुरशीचा नाश करी. बेटाच्या नावावरून त्याचे नाव रापामायसिन ठेवण्यात आले. औषधाच्या नावाखेरीज त्या बेटवासीयांच्या पदरी काही पडले नाही असा आक्षेप अलीकडे घेतला जातो, आणि तो मला रास्त वाटतो.

मातीतून बुरशीनाशके शोधण्याचा हा उद्योग आपल्याकडेही चालू होता, किंबहुना त्याआधीच चालू होता. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथील संशोधन विभागात डॉ. थिरुमलाचार यांच्या नेतृत्वाखाली पिंपरीच्याच मातीतून एक स्ट्रेप्टोमायसिस वेगळा काढण्यात आला. त्याचे शास्त्रीय नाव 'पिंप्रिना' असे ठेवले गेले, आणि त्यापासून मिळालेल्या बुरशीनाशकास कारखान्याच्या आद्याक्षरांवरून हॅमायसिन म्हणू लागले. एका बाजूस महासागरातील ज्वालामुखीचे बेट, दुसऱ्या बाजूस पवनेकाठचे गाव. परंतु माती चाळण्याची रीत एकच. प्रशांत महासागरातील बेटाइतकेच आपले अंगणही शोधास योग्य असते, हे सांगण्यास पिंपरीचे उदाहरण पुरेसे आहे.

रापामायसिनच्या वाटेत मात्र एक अडथळा आला. ते बुरशी मारी, परंतु त्याबरोबर शरीराची प्रतिकारशक्तीही मंदावी. बुरशीवरील औषधास हा मोठाच दोष. सेहगल यांना त्यात निराळेच काही दिसत होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे त्यांनी नमुना धाडला, तेव्हा ते गाठींची वाढ रोखते असे आढळले. इतक्यात १९८० नंतरच्या काही वर्षांत कंपनीने माँट्रिअलची प्रयोगशाळा बंद केली, आणि रापामायसिनचे कामही थांबविले. सेहगल यांनी जाण्यापूर्वी औषधाचा एक शेवटचा घाणा तयार केला, त्याच्या कुप्या घरी नेल्या, आणि 'खाऊ नये' अशी चिठ्ठी लावून घरच्या शीतपेटीत ठेवून दिल्या. त्या पेटीसह ते अमेरिकेस स्थलांतरित झाले. पुढे व्यवस्थापन बदलले, त्यांनी नव्या वरिष्ठांचे मन वळविले व काम पुन्हा सुरू झाले. जो दोष म्हणून गणला गेला तोच आता गुण ठरला. परक्याचे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून या औषधास १९९९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. सिरोलिमस हे त्याचे दुसरे नाव. सेहगल २००३ मध्ये कर्करोगाने वारले. त्यांच्या औषधाचा पुढील उपयोग त्यांनी पाहिला नाही.

दरम्यान स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे निराळाच शोध चालू होता. हे औषध पेशीत नेमके कोठे आघात करते? हाइटमन, मोव्वा व हॉल या तिघांनी १९९१ मध्ये यीस्टच्या पेशींवर प्रयोग करून ते स्थान शोधले. त्या प्रथिनाला नावही 'रापामायसिनचे लक्ष्य' या अर्थाचे मिळाले. थोडक्यात त्यास टॉर म्हणतात. बेटावरून औषधाचे नाव पडले आणि औषधावरून आपल्याच शरीरातील प्रथिनाचे! नावांचा असा उलटा प्रवास भाषेच्या अभ्यासकास मौजेचा वाटल्याखेरीज राहणार नाही. अन्न मुबलक आहे, आता वाढा, असा हुकूम पेशीस देणारे हे प्रथिन आहे. २००२ मध्ये दोन्ही वाटा एकत्र आल्या. हॅमार्टिन व ट्यूबेरिन यांचा ब्रेक ज्या चाकावर बसतो, ते चाक म्हणजेच टॉर, हे सिद्ध झाले. निसर्गाचा ब्रेक तुटला असेल, तर त्याच चाकावर बाहेरून दाब देणारी वस्तू पंधरा-वीस वर्षांपूर्वीच कुप्यांत भरून ठेवलेली होती.

पोटात घ्यावयाच्या गोळ्यांनी मेंदूतील व मूत्रपिंडांतील गाठी आकुंचन पावतात, हे पुढील प्रयोगांत दिसले. सिरोलिमसच्याच कुळातील एव्हरोलिमस या औषधास मेंदूतील गाठींसाठी २०१० मध्ये व मूत्रपिंडांतील गाठींसाठी २०१२ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. परंतु गोळी सर्वांगास पोचते. तोंड येते, संसर्गास प्रतिकार करण्याची शक्ती उणावते. केवळ गालावरच्या गाठींसाठी एवढे सोसावे काय? तेव्हा औषध गालावरच लावून पाहावे, ही कल्पना निघाली. २०१० मध्ये त्वचेवर लावलेल्या रापामायसिनचा पहिला अनुभव वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर ठिकठिकाणच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या गोळ्या कुटून व्हॅसलिनमध्ये मिसळून मलमे करविली. काहींस गुण आला, काहींची त्वचा नुसतीच भाजल्यासारखी चुरचुरली. कारण कुटलेल्या गोळीतले औषध त्वचेत नीट मुरत नाही.

खरी परीक्षा जपानात झाली. ओसाका येथील त्वचारोगतज्ज्ञांच्या पुढाकाराने हजारात दोन भाग सिरोलिमस असलेले एक जेल तयार करण्यात आले. ६२ रुग्णांपैकी काहींना ते खरे जेल दिले, उरलेल्यांना दिसावयास हुबेहूब पण औषध नसलेले जेल दिले. कोणास कोणते मिळाले हे रुग्णासही ठाऊक नव्हते व तपासणाऱ्यासही नव्हते. दिवसातून दोनदा, असे बारा आठवडे ते लावावयाचे होते. खऱ्या जेलाच्या गटात शेकडा ६० जणांच्या गाठी लक्षणीय प्रमाणात लहान व फिक्या झाल्या. खोट्या जेलाच्या गटात अशी सुधारणा एकातही दिसली नाही. अशा परीक्षेत खोट्या औषधानेही काहींना बरे वाटते, हा नेहमीचा अनुभव. त्यामुळे हे शून्य मला त्या साठापेक्षाही अधिक बोलके वाटते. २०१८ मध्ये जपानने या जेलास मान्यता दिली. अमेरिकेने सहा वर्षे व त्यावरील वयाच्या रुग्णांसाठी मार्च २०२२ मध्ये दिली.

याचा अर्थ रोग गेला असा कोणी घेऊ नये. जेल जनुक दुरुस्त करीत नाही. ते केवळ चाकावर हात ठेवते. हात उचलला की चाक पुन्हा फिरू लागते, आणि लावणे थांबविल्यावर गाठी हळूहळू परत येतात. प्रथम लाली ओसरते, मग उंची कमी होते. लहान वयातील कोवळ्या गाठी लवकर दबतात. जुन्या, घट्ट झालेल्या गाठींवर परिणाम कमी. त्यांना लेसरने अथवा शस्त्राने आधी छाटून मग औषध लावण्याचा मार्ग काही डॉक्टर अवलंबितात. त्वचा कोरडी पडणे, खाज सुटणे, लावताक्षणी झोंबणे हे त्रास होतात. चेहऱ्यास लावलेले औषध रक्तात फारच थोडे उतरते, हा त्याचा मोठा लाभ.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगितली पाहिजे. बाजारात गोरेपणासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या स्टिरॉइडयुक्त मलमांचा या गाठींवर उपयोग होत नाही, उलट त्वचा पातळ होते. आणि घरी गोळ्या कुटून प्रयोग करणे तर सर्वस्वी वर्ज्य. गालांवर अशा पुटकुळ्या असलेल्या किंवा अंगावर जन्मतः पानाच्या आकाराचे तीनचार फिकट डाग असलेल्या मुलास झटके येत असतील, तर त्याच्या नाकाशी चप्पल वा कांदा धरण्यात वेळ न दवडता बेळगावातील मोठ्या रुग्णालयात त्वचारोग व मेंदूविकार या दोन्ही विभागांत दाखवावे. केवळ गाल पाहून भागत नाही. मेंदू व मूत्रपिंडे यांचीही तपासणी करावी लागते, कारण जिवाचा धोका तेथे असतो. दुर्मीळ आजारांविषयी भारत सरकारने २०२१ मध्ये जे धोरण जाहीर केले, त्यातील विशेष केंद्रांत मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय आहे आणि बंगळूरचे मानवी आनुवंशिकी केंद्रही आहे. आपल्या भागातून दोन्हीकडे रात्रीच्या गाडीने जाता येते. फिकट डागाविषयी शंका असेल तर एक साधी खूण ध्यानात ठेवावी: महारोगाच्या डागावर बहुधा संवेदना नाहीशी झालेली असते, या डागांवर ती पूर्ण शाबूत असते. महारोगही आज औषधाने पूर्ण बरा होतो, तेव्हा त्या नावानेही दचकण्याचे कारण नाही.

आठवड्याच्या बाजारात अंगभर मऊ गाठी असलेला एखादा वृद्ध आपण पाहिला असेल. तो विकार बहुधा याहून निराळा. त्याचे नाव न्यूरोफायब्रोमॅटोसिस, प्रमाण सुमारे तीन हजारांत एक. त्वचेवर दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक डाग ही त्याची बालपणीची खूण. तेथेही ब्रेकच तुटलेला असतो, पण तो सतराव्या गुणसूत्रावरील, आणि ज्या चाकावर तो बसतो तेही वेगळे; म्हणून तेथे सिरोलिमसचे जेल कामाचे नाही. मेक नावाच्या प्रथिनास रोखणारी औषधे तेथे लागू पडतात. सेल्युमेटिनिब या गोळीने मज्जातंतूंभोवती खोलवर पसरलेल्या मोठ्या गाठी ५० पैकी ३५ मुलांत लक्षणीय आकसल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी अमेरिकेने तिला मान्यता दिली. त्वचेवरील शेकडो लहान गाठींसाठी मात्र गोळी जड पडते. तिने अंगावर पुरळ उठतो, डोळे व हृदय यांवर लक्ष ठेवावे लागते. शिवाय गाठी आयुष्यभर येत राहतात, तेव्हा औषधही आयुष्यभर लावण्यासारखे हवे. यासाठी रसायनशास्त्रज्ञांनी मुद्दाम अल्पायुषी रेणू तयार करून त्याच्या जेलाच्या चाचण्या रुग्णांवर हाती घेतल्या आहेत. त्वचेत असेतोवर तो मेकला धरून ठेवतो, आणि रक्तात उतरला की लागलीच मोडून जातो.